रशीदचा हातगुण

रशीद, तुला माती देऊन आलो त्याला आज बारा दिवस झाले. तीन ओंजळी माती टाकायची असते, हे तूच मला तुझ्या वडिलांच्या वेळी सांगितलं होतंस. दुसरी ओंजळ हातात असताना माझ्या मागं उभा असलेला कोणीतरी शेजारच्याला हळूच म्हणाला, "माणूस लई चांगला. पण शेवटी शेवटी हातगुण गेल्ता बिचाऱ्याचा." त्यावर शेजारचा म्हणाला, "व्हय ना. मास्तरांची पेरूची बाग लावली तवापासून."

मी तिसरी ओंजळ टाकली आणि बाजूला झालो. मागं वळून एक वाक्य बोलायचं होतं, तेही बोललो नाही. तू खड्ड्यात आणि मी काठावर, अशा वेळीही माझी जीभ उचलली नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "जेवणार का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "रशीदभाऊंसाठी उपास धरू नका. त्यांना जे द्यायचं राहिलंय ते द्या." तिला जवळपास सगळं माहीत आहे. गावात तिला, मला आणि तुला, असं तिघांनाच माहीत होतं. आता आम्ही दोघं उरलो, म्हणून लिहायला बसलो.

हातगुणावरून आपण किती भांडलो, आठव. पाथर्डीच्या या कोरड्या पट्ट्यात कुणाकडं शेततळं झालं, ठिबक आलं, बाग लावायचं ठरलं, की पहिलं रोप तुझ्या हातानं लागायचं. लोक तुला न्यायला मोटारसायकल पाठवत. नारळ फुटायचा, तू 'बिस्मिल्ला' म्हणून रोप खड्ड्यात ठेवायचास, मग पुरणपोळीचं जेवण आणि खांद्यावर टॉवेल. डाळिंब असो, लिंबू असो, सीताफळ असो, 'रशीदचा हात लागला म्हणजे झाड धरणारच' असं लोक म्हणत. मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, मला ते ऐकवायचं नाही. मी तुझ्यावर पाळत ठेवली होती. तू पिशवी फाडलीस की आधी बुडाशी बघायचास. रोप पिशवीत जास्त दिवस राहिलं की मुळांना खाली वाट मिळत नाही. ती गोल गोल फिरतात आणि बायका हंड्याखाली ठेवतात तशी चुंबळ तयार होते. ती तशीच लावली तर झाड चार वर्षांनी स्वतःच्याच मुळांनी आवळलं जातं. तू खिशातलं अर्धं ब्लेड काढायचास, चुंबळ दोन-तीन ठिकाणी उभी कापायचास, बोटांनी मुळं मोकळी करायचास आणि मग रोप ठेवायचास.

"तुझा हातगुण म्हणजे तुझं ब्लेड," मी तुला म्हणालो होतो.

"हळू बोल, मास्तर," तू म्हणालास. "ब्लेड समद्यांच्या घरात हाय. लोकांना कळलं तर मला जेवायला कोन बोलवील?"

आपण सातवीपर्यंत एका बाकावर होतो. मी डी.एड. करून आलो त्या दिवसापासून तू मला नावानं हाक मारणं सोडलंस. 'मास्तर' म्हणायचास आणि पुढं 'तू' लावायचास. ती हाक मारताना तुझ्या आवाजात जी किंचित थट्टा असायची, ती मला पुढं कोणत्याही मानपत्रात ऐकू आली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

निवृत्तीनंतर मी पेरू लावायचं ठरवलं. नव्या जातीच्या मोठ्या पेरूची तेव्हा सगळीकडं हवा होती. फाट्यावरच्या तुझ्या रोपवाटिकेत डाळिंबाच्या गुट्या, म्हणजे फांदीवरच मुळं फुटवून केलेली कलमं, आणि लिंबाची रोपं असायची, पेरू नव्हता. तू म्हणालास, "एक वरीस थांब. मी कलमं बांधून देतो. मुळं माझ्या डोळ्यांखाली वाढतील." मला थांबायचं नव्हतं. निवृत्त माणसाला घाई फार असते. शिवाय मास्तर शेतीतही पहिला, असं लोकांनी म्हणावं हा माझा हव्यास. मी जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून सहाशे कलमं आणली. टेम्पोत बसून गेलो आणि ओळीतून फिरून रोपं स्वतः निवडली. पानं काळीभोर होती, तेवढीच पाहिली.

लावणीच्या दिवशी तुला बोलावलं होतं. बांधावर दहा-पंधरा माणसं होती, त्यात माझे तीन-चार जुने विद्यार्थी. नारळ फुटला. तू पहिली पिशवी फाडलीस, बुड पाहिलंस आणि ब्लेड काढलंच नाहीस. पाण्याच्या बादलीत मुळं बुडवून हलवलीस, माती सुटली, तसा तू रोप वर धरून बराच वेळ पाहत राहिलास. दुसरी पिशवी फाडलीस. तिसरी. मग मला बाजूला घेऊन म्हणालास, "मास्तर, गाठी हायेत."

मी मोठ्यानं हसलो. बाजूला घेतलेला माणूस जेव्हा मोठ्यानं बोलतो तेव्हा त्याला गर्दीसाठी बोलायचं असतं. "अरे गाठी चांगल्या! हुलग्याला नसतात का? तुरीला, भुईमुगाला? गाठी म्हणजे ताकद. तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं." माझ्या विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. आपल्या भागात कडधान्यावर वाढलेल्या कुणालाही हे पटलं असतं. मुळावरची गाठ म्हणजे जमिनीला खत, हे इथलं शहाणपण आहे. पेरूसारख्या झाडाच्या मुळावर ती असायलाच नको, हे मला सुचायला हवं होतं. पेरू काही शेंगा धरत नाही.

तू वाद घातला नाहीस. शेजारच्या तुकड्यात हुलगा उगवला होता. तिथून एक रोप उपटून आणलंस, धुतलंस. त्याच्या मुळावरची गाठ नखानं दाबलीस, ती टचकन निघून तुझ्या तळहातावर पडली. मधून चिरलीस तर आत गुलाबीसर. मग पेरूचं मूळ माझ्या हातात दिलंस.

"आता ही काढ नखानं."

मी काढायला गेलो. साल सोलली, मूळ तुटलं, पण गाठ निघेना.

"न्हाई निघायची," तू म्हणालास. "हुलग्याची गाठ मुळावर बसती. हितं मूळच सुजलंय. आत किडं हायेत, डोळ्याला न दिसणारं. नगरला दाखव, तिथं सूत्रकृमी म्हणतील. म्या अशी वांगी पाह्यलीत, असं टमाटं पाह्यलं. मास्तर, ही रोपं जमिनीला लावू नको. नुसती रोपं जात न्हाईत, जमीन जाती."

रशीद, त्या क्षणी मला कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गाठी ओळखता न आल्यामुळं मी ती रोपं लावली, असं मी स्वतःलाही सांगत आलो. खरं असं आहे की ती गाठ माझ्या नखाला निघाली नाही तेव्हाच मला समजलं होतं. पण सहाशे खड्डे तयार होते, माणसं जमली होती, आणि सातवीत नापास झालेल्या माणसानं मला माझ्याच विद्यार्थ्यांसमोर माझाच धडा चुकीचा वापरल्याचं दाखवून दिलं होतं. मी म्हणालो, "सातवी नापास माणसानं मला मुळं शिकवू नयेत." माणसं हसली. त्यांनी माझं तेवढंच ऐकलं, आणि रोपं कुठून आली ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तूही हसलास. तुझं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मग तू खाली बसलास आणि पहिलं रोप लावलंस. "हे तुझ्या शब्दासाठी लावतो, मास्तर," एवढं मला ऐकू येईल इतक्याच आवाजात बोललास आणि उठलास. जेवायला थांबला नाहीस. सहाशेतलं ते एक रोप तुझ्या हातचं. बाकीची पाचशे नव्व्याण्णव माझी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पहिलं वर्ष बाग अशी दिसली की लोक मुद्दाम बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी फळ धरलं आणि पानं पिवळी पडायला लागली, मग तांबूस. खत दिलं, पाणी वाढवलं, फवारण्या केल्या. झाडं फळांसकट उभी सुकायला लागली. एक झाड उपटलं तर मुळं आल्याच्या कांड्यांसारखी जाडजूड, वेडीवाकडी. मी तुला निरोप धाडला आणि तू तासाभरात आलास. 'मी सांगितलं होतं' असं म्हणशील म्हणून मी तयारीत होतो. तू आल्या आल्या विचारलंस, "बादली कुठं हाय?"

त्याच दिवशी आठ-दहा शेतकरी बाग बघायला आले होते. त्यांत आपले किसनआबा होते. त्यांचं डाळिंब पुढच्या पंधरवड्यात लागायचं होतं आणि पहिलं रोप लावायला त्यांनी तुला सांगून ठेवलं होतं. तू ओळीच्या पलीकडं, चार पावलांवर बादलीत मुळं धूत होतास. आबांनी उपटलेलं झाड काठीनं उलटं केलं आणि मला विचारलं, "मास्तर, रोपं कुठली?"

मी म्हणालो, "रशीदच्या हातची."

एकच झाड तुझ्या हातचं होतं, म्हणून म्हटलं तर ते खोटं नव्हतं. वकिलानं शिकवावं असं वाक्य. पण आपल्याकडं रोप अमक्याच्या हातचं म्हणजे त्यानं वाढवलेलं, त्याच्याकडून आणलेलं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आबा "अस्सं" म्हणाले आणि काठी टेकत बांधावरून निघून गेले. तू मान वर केली होतीस. मग परत खाली घातलीस आणि मुळं धुवत राहिलास.

सगळे गेल्यावर तू माझ्यापाशी आलास. मी घाबरून उभा होतो. तू म्हणालास, "ऐक आता नीट." आणि पुढचा अर्धा तास तू मला माझी जमीन कशी वाचवायची ते सांगितलंस. जास्त सुजलेली झाडं मुळासकट काढायची, बांधावर न टाकता जागेवर जाळायची. खड्डे उन्हाळाभर उघडे ठेवून तापवायचे. निंबोळी पेंड, कुजलेलं शेणखत. ओळींच्या मधून झेंडू, दाट. वांगी, टोमॅटो, भेंडी यांचं नाव काढायचं नाही. एका तुकड्यातलं खोरं धुतल्याशिवाय दुसऱ्या तुकड्यात न्यायचं नाही. तू नुसतं सांगितलं नाहीस, त्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा येऊन माझ्याबरोबर मुळं खणलीस. ज्याच्या नावावर मी चिखल टाकला, त्यानं माझ्या जमिनीतला रोग काढला. या गावात याहून मोठं काम कुणी माझ्यासाठी केलेलं नाही.

तेव्हा आपण मुळांबद्दल इतकं बोललो की दुसऱ्या कशाबद्दल बोलायला जागाच ठेवली नाही. तू ती ठेवली नाहीस, असं मला वाटायचं. आता वाटतं, तू रोज ठेवत होतास. खोरं टेकवून पाणी प्यायला बसलास की थोडा वेळ गप्प राहायचास. मी बोलावं म्हणून. मी झेंडूच्या बियाण्याची गोष्ट काढायचो.

एका बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही, आणि तू नाहीस म्हणून उगाच तुला खरं ठरवणारही नाही. विहिरीकडची चाळीस झाडं मी राखली. तू म्हणत होतास, "काढ ती. समदी काढ. अर्धवट औषध म्हंजे रोगाला पगार." मी ऐकलं नाही. गेली काही वर्षं दर पावसाळ्यात मी त्यांच्या बुडाशी खणून बघतो. जुन्या गाठी आहेत, पण त्यांच्यावरून नवी पांढरी मुळं फुटलेली आहेत, आणि झाडं फळ देतात. बेताचंच, पण देतात. मागच्या वर्षी तुझ्यापुढं त्यातला पेरू कापून ठेवला तर तू खाल्लास आणि म्हणालास, "गोड हाय. पन काढ." हा वाद आपला तसाच राहिला. माझं मत अजून तेच आहे.

बाकी सगळ्यात तू बरोबर होतास.

माझ्या त्या एका वाक्यानं काय केलं, ते मला तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. त्या वर्षी तुला न्यायला येणाऱ्या मोटारसायकली कमी झाल्या. पुढच्या वर्षी एखादीच आली. लोक तुझ्याशी चांगलंच बोलायचे, चहा पाजायचे, फक्त पहिलं रोप दुसऱ्याच्या हातानं लावायचे. तू फाट्यावर बसून गुट्या बांधत राहिलास. डोळे अधू झाल्यावर तुझ्या नसीमनं काम हातात घेतलं. तिची रोपं मी पाहिली आहेत. नेवाशापर्यंत अशी मुळं कुणाची नाहीत. पण माणसं तिच्या दारावरून पुढं जाऊन दुसरीकडून रोपं आणतात, कारण 'त्या रोपवाटिकेच्या मुळांना गाठी असतात'. म्हणजे माझं वाक्य तुझ्यानंतरही काम करतंय, आणि आता ते तुझ्या मुलीच्या पायात आहे. हे थांबवायचं तर उशिरा का होईना, मीच थांबवायला हवं.

म्हणून परवा किसनआबांकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रोपं कुठली, गाठी कुणी दाखवल्या, मी काय बोललो. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"मास्तर, माज्या डाळिंबाच्या दिवशी काय झालं ठावं हाय का तुमाला?" आबा म्हणाले. "म्या रशीदला नगं म्हनून निरोप धाडला. निरोप उशिरा पोचला आन् त्यो आदीच निघालेला. बांधापस्तोर आला. हितं माझा जावई रोप लावत हुता. रशीदनं बगितलं. मला म्हनला, 'आबा, खड्डा जरा उथळ हाय, बघा.' आन् गेला माघारी."

आबांनी काठी पायाशी आडवी ठेवली.

"म्या रशीदला बांधावरनं लावून दिलं, मास्तर. पन्नास वर्साची वळख. तुमचं पाप तुमच्यापाशी ठेवायचं हुतं, मला कशापायी वाटेकरी केलं?"

"आता सगळ्यांना सांगतो, आबा. चावडीवर सांगतो."

"तोंडचं वाऱ्यावर जातं म्हन्त्यात. तुमचं तेवढं न्हाई गेलं. आता कागदावर लिवा. खाली सही करा. म्या वाचून दाखवीन लोकांस्नी."

त्या ओट्यावरून उतरताना मला हलकं वाटलं असं म्हणणार नाही. पण पाय ठाम पडत होते. काय करायचं ते कळलं होतं.

हे सगळं लिहून आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकाला द्यायच्या आधी मी काल फाट्यावर गेलो. नसीम गुट्या भरत होती. मी कागद पुढं केला आणि म्हणालो, "हे तुझ्या वडिलांबद्दल आहे. आधी तू वाच. तुला नको असेल तर फाडून टाक."

तिनं हात पुसले आणि उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं. मग मधलं एक पान काढून परत वाचलं. तिचा चेहरा वाचणं मला जमलं नाही.

"अब्बांनी मला हे सांगितलं होतं, काका," ती म्हणाली.

"सगळं?"

"रोपांचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. मी तेव्हा लई भांडले त्यांच्याशी, म्हटलं जाऊन सांगा ना लोकांना. तर म्हणाले, 'मास्तरच सांगंल. त्याला जरा वेळ लागतो, शाळंतबी लागायचा.'"

तिनं माठातलं पाणी आणून दिलं, मी पिईपर्यंत थांबली, आणि मग पानावर एका जागी बोट ठेवलं. "हे काढा."

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'नकळत माझ्या तोंडून निघून गेलं की रोपं रशीदच्या हातची.' तिचं बोट 'नकळत'वर होतं.

"अब्बा म्हणायचे, मास्तरनं जे केलं ते तोंडावर केलं, पाठीमागं नाही केलं. बोलायच्या आधी माझ्याकडं बघितलं. ते चांगलं म्हणून सांगायचे, काका. तुमच्या बाजूनं. पण बघितलं असेल तर नकळत कसं?"

मी पेन काढून तो शब्द खोडला. नुसता खोडून भागणार नव्हतं, त्याच्या जागी जे खरं आहे ते यायला हवं होतं. तिथंच, तिच्या समोर, पानाच्या खाली लिहिलं आणि सही केली. आबा हेच वाचून दाखवतील:

ती रोपं रशीदच्या रोपवाटिकेतली नव्हती. मी परजिल्ह्यातून निवडून आणली होती. लावण्याआधी त्यानं मला मुळांच्या गाठी दाखवल्या आणि लावू नको म्हणाला. बाग गेल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा मी आधी त्याच्याकडं पाहिलं. त्याला ऐकू जाईल इतका तो जवळ होता. तो मला चारचौघांत खोटं पाडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्याचं नाव घेतलं.